शाळा बंद, फी चालू: नागपुरात साथीच्या काळात मुलाची शाळा कशी ठरवावी

“खासगी की सरकारी?” असं विचारणाऱ्या पालकाला आधी उलट विचारावं लागतं: अनुदानित पाहिली का? साथ येते, दुकानाचं शटर खाली येतं किंवा पगार अर्ध्यावर येतो, आणि शाळेचा फीचा मेसेज मात्र ठरल्या तारखेला येतो. मग घराघरात शाळा बदलायची चर्चा सुरू होते. कोरोनाच्या दोन वर्षांत देशभर हे झालं. ग्रामीण भारतापुरतं पाहणाऱ्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या अहवालात ६ ते १४ वयोगटातली खासगी शाळांतली मुलं २०१८ मध्ये ३२.५ टक्के होती, २०२१ मध्ये २४.४ टक्के राहिली. सरकारी शाळांतली मुलं ६४.३ वरून ७०.३ टक्क्यांवर गेली. शहरातल्या पालकांपुढचा पेच वेगळा नव्हता. पुन्हा अशी वेळ आली तर घाईत दाखला काढून मोकळं होण्याआधी पुढच्या क्रमाने जा.

शिक्षकाचा पगार कोण देतं, ते आधी शोधा

नागपुरात ढोबळमानाने तीन तऱ्हेच्या शाळा आहेत. पहिली महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची. दुसरी अनुदानित: इमारत आणि व्यवस्थापन एखाद्या शिक्षण संस्थेचं, पण शिक्षकांचा पगार सरकारचा. महाल, सीताबर्डी, धरमपेठ भागातल्या अनेक जुन्या मराठी शाळा या जातीच्या. तिसरी विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सगळा खर्च पालकांच्या फीतून.

साथीत काय बिघडेल हे बहुतांशी या एका गोष्टीवरून कळतं. फीवर चालणाऱ्या शाळेत फी थकली की पगार कापले जातात, शिक्षक सोडून जातात, मग दोन तुकड्या एकत्र करून एकाच ऑनलाइन वर्गात सत्तर-ऐंशी मुलं बसवली जातात. महापालिकेच्या शाळेत पगार सुरक्षित असतो, शिक्षक टिकतो, पण त्याला घरोघरच्या सर्वेक्षणाच्या किंवा साथनियंत्रणाच्या ड्यूटीवर पाठवलं जातं, आणि वर्गातल्या निम्म्या घरांत मुलाच्या हाती द्यायला मोबाइल नसतो. अनुदानित शाळेत दोन्ही त्रास थोडे थोडे असतात. तिथे शिक्षक कायम असल्याने वर्षाच्या मध्येच नवे सर, नव्या मॅडम अशी वेळ मात्र क्वचित येते.

इथला नेहमीचा सापळा तुकडीचा आहे. एकाच आवारात, एकाच नावाने, मराठी तुकडी अनुदानित आणि इंग्रजी माध्यमाची तुकडी स्वयंअर्थसहाय्यित असू शकते. काही तुकड्या अंशतः अनुदानितही असतात. म्हणून “शाळा अनुदानित आहे का?” असं विचारू नका. “माझं मूल ज्या वर्गात बसेल ती तुकडी अनुदानित आहे का?” असं विचारा, आणि उत्तर प्रवेशाच्या कागदावर लिहून घ्या.

पडताळणीसाठी शाळेचा युडायस क्रमांक, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदीतला क्रमांक, मागा. तो अकरा अंकी असतो. पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यामुळे नागपूर जिल्ह्यातल्या शाळेचा क्रमांक २७०९ ने सुरू होतो. युडायसच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाने व्यवस्थापनाचा प्रकार, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या आणि शौचालयं दिसतात. क्रमांक सांगायला टाळाटाळ करणारी शाळा यादीतून काढून टाकायला हरकत नाही.

शाळा कितवीपर्यंत आहे हेही त्याच दिवशी विचारा. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या काही शाळा चौथी-पाचवीलाच संपतात, काही सातवी-आठवीला. तिसरीतल्या मुलाला चौथीपर्यंतच्या शाळेत घातलं तर वर्षभरात पुन्हा दाखला, पुन्हा नवे मित्र.

तुमचं घर कोणाच्या हद्दीत आहे

नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. वाडी, हिंगणा, कामठी, बेसा-पिपळा हे भाग महापालिकेत नाहीत, नागपूरचा पत्ता लिहिण्याची सवय असली तरी. मिहान किंवा बुटीबोरीच्या नोकरीसाठी नव्याने आलेली कुटुंबं इथेच चुकतात आणि चुकीच्या कार्यालयात दोन चकरा वाया घालवतात. महापालिकेच्या शाळेबद्दल काही असेल तर महापालिकेचा शिक्षण विभाग. खासगी किंवा अनुदानित शाळेच्या पहिली ते आठवीच्या तक्रारीसाठी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), नववीपासून पुढे शिक्षणाधिकारी (माध्यमिक).

माध्यमाची सोय महापालिकेकडे वाटते त्यापेक्षा जास्त आहे. मराठी, हिंदी आणि उर्दू शाळा पूर्वीपासून आहेत, आणि २०२१ मध्ये आकांक्षा फाउंडेशनच्या सोबतीने इंग्रजी माध्यमाच्या शाळाही सुरू झाल्या. त्या बालवाडी आणि पहिलीपासून वर वाढवत नेलेल्या आहेत. म्हणून मोठ्या मुलासाठी त्यांच्यावर विसंबण्याआधी वरचा वर्ग आहे का, हे शाळेत जाऊन पाहा.

पैशांचा हिशेब कागदावर

निव्वळ फीची तुलना करू नका. उदाहरणादाखल धरा: वर्षाची फी ४२,००० रुपये, बस १४,०००, वह्या-पुस्तकं-गणवेश ७,०००. एकूण ६३,०००. आता यातलं काय कमी होऊ शकतं ते बघा. शाळा बंद असताना बस धावत नाही. दहा महिन्यांचे १४,००० म्हणजे महिना १,४००. चार महिने बंद राहिली तर ५,६०० रुपये मागायचा तुमचा दावा. फीबाबत पायंडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०२१ रोजी राजस्थानच्या शाळांच्या प्रकरणात १५ टक्के कपात ठरवली, फी थकली म्हणून मुलाला वर्गातून काढू नये किंवा निकाल रोखू नये असं सांगितलं. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने १२ ऑगस्ट २०२१ च्या निर्णयाने २०२१-२२ या वर्षाच्या फीत १५ टक्के कपात लावली. वरच्या उदाहरणात ती ६,३०० रुपये होते. तो निर्णय त्या वर्षापुरता होता. नव्या साथीत आपोआप लागू होणार नाही, पण सवलतीच्या अर्जात उल्लेख करायला उपयोगी आहे.

अर्ज करण्याआधी शाळेच्या पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती कोण आहे ते विचारा. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे फी या समितीसमोर ठरते आणि तिच्यातले पालक सोडतीने निवडले जातात. बऱ्याच पालकांना आपल्या शाळेत अशी समिती आहे हेच ठाऊक नसतं. सभेचं इतिवृत्त मागितलं की बोलणी बऱ्याचदा पटकन मार्गी लागतात.

दुसऱ्या बाजूला “फुकट” शाळेचाही खर्च असतो. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत शिकवणी शुल्क नाही, पाठ्यपुस्तकं मिळतात, आणि महापालिकेच्या शाळेत पात्र मुलांना गणवेशही मिळतो. पण घराजवळ शाळा नसेल तर ऑटो आला. एकच मोबाइल आणि दोन मुलं असतील तर दुसरा मोबाइल आला, आणि रोज दीड जीबीचा पॅक दोघांच्या व्हिडिओ वर्गांना दुपारपर्यंतही पुरेल याची खात्री नाही. शाळा बदलून वाचलेले पैसे लगेच खासगी ट्यूशनला गेले तर फरक उरत नाही. तसं करायचंच असेल तर तो आकडाही आत्ताच हिशेबात धरा.

पोषण आहाराची किंमत मध्यमवर्गीय पालक धरत नाहीत. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, हे प्रमाण आहे. शाळा बंद असताना तांदूळ आणि डाळ कोरड्या स्वरूपात घरी देण्यात आली. २४ शालेय दिवसांच्या महिन्यात पाचवीच्या मुलाचा तांदूळ २ किलो ४०० ग्रॅम भरतो. विनाअनुदानित शाळेत ही सोय नाही.

गेट बंद असताना शाळा काय करते

मुख्याध्यापकांना भेटा, पण त्यांच्या उत्तरावर थांबू नका. विचारायचं असं: ऑनलाइन वर्गात एकावेळी किती मुलं? ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याला छापील स्वाध्याय कोण आणि कोणत्या वारी देतं? गेल्या जूनपासून किती शिक्षक सोडून गेले? महापालिकेच्या शाळेत हाच प्रश्न असा: सध्या किती शिक्षक बाहेरच्या ड्यूटीवर आहेत आणि त्यांचे वर्ग कोणाकडे दिलेत? प्राथमिक वर्गांना तीस मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला पस्तिसांमागे एक, हा शिक्षण हक्क कायद्याचा निकष मनात ठेवून उत्तर ऐका.

मग त्याच वर्गातल्या एखाद्या शेजारच्या मुलाची वही मागा. मागची पानं उलटत जा आणि लाल शाईची शेवटची तारीख शोधा. मार्चची सही, मग थेट ऑगस्टची, मधली पानं कोरी किंवा फळ्यावरून उतरवलेली पण न तपासलेली, तर त्या शाळेत मधले महिने कोणी मुलाकडे पाहिलेलं नाही. दर आठवड्याला सही आणि एखाद्या गणितापाशी “पुन्हा सोडव” असं लिहिलेलं दिसलं तर ती शाळा टिनाच्या छपराची असली तरी विचारात घ्या. माहितीपुस्तिकेतले स्मार्ट बोर्डचे फोटो या चाचणीत काही कामाचे नाहीत. कॉलनीच्या गेटवर कोणत्या शाळेची व्हॅन थांबते यावरून दर्जा ठरवण्याची आपली रीतही साथीत टिकत नाही, कारण व्हॅनच बंद असते.

शाळा सुरू होणार असेल तर वर्गखोली डोळ्यांनी बघा. हवेतून पसरणाऱ्या आजारात समोरासमोरच्या दोन भिंतींना खिडक्या आहेत का आणि त्या खरंच उघडतात का, हे सगळ्यात महत्त्वाचं. इथे नागपूरचा कूलर एसीवर मात करतो. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि समोरची खिडकी उघडी ठेवली तरच गार वाटतं, नाहीतर खोली चिकट होते. भिंतीवरचा स्प्लिट एसी मात्र दारं-खिडक्या लावून तीच हवा खोलीत फिरवत राहतो. महापालिकेच्या जुन्या इमारतींच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या खोल्या या बाबतीत नव्या काचबंद इमारतींपेक्षा बऱ्या. शौचालयाच्या नळाला पाणी आहे का, हे मात्र नळ सोडूनच पाहा.

मुलाची अर्ध्या तासाची चाचणी

२०२० आणि २०२१ मध्ये पहिली ते आठवीची मुलं परीक्षेशिवाय वर्गोन्नत झाली. अशा वर्षाच्या प्रगतिपुस्तकावरून काही कळत नाही. घरीच बसवा. दुसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या, हातच्याची दोन अंकी वजाबाकी द्या, पाच ओळी स्वतःच्या मनाने लिहायला सांगा. चौथीतलं मूल यात अडखळलं तर आधी ती दरी भरा. शाळा बदलायची तर नव्या शाळेला हे सांगून बदला. २०२१ मध्ये राज्याने दुसरी ते दहावीसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम काढला होता, तो याच दरीसाठी. दीक्षा ॲपवरचं साहित्य आणि ई-बालभारतीवरची पुस्तकांची पीडीएफ फुकट आहेत.

इंग्रजी माध्यमातून मराठीत आणताना भाषेपेक्षा आकड्यांचा गोंधळ जास्त होतो. घरी मराठी बोलणारं मूलही बाईंनी “एकोणऐंशी” म्हटलं की ८९ लिहितं. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणसत्तर ही घरं महिनाभर रोज दहा मिनिटं घटवली की बसतात. जोडाक्षरांना त्याहून जास्त वेळ लागतो. पाचवीच्या पुढे असाल तर सेमी इंग्रजीची तुकडी शोधा. तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतच राहतं आणि मुलाची अर्धी धडपड वाचते. मराठी चुकवण्यासाठी मंडळ (बोर्ड) बदलण्यात अर्थ नाही: २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे.

कोणी बदलू नये

नववी पार केली की हात आवरा. दहावीला मंडळ बदलणं फार अवघड आहे, कारण सीबीएसईत नोंदणी नववीतच होते.

मूल शिक्षण हक्क कायद्याने वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखलेल्या २५ टक्के जागेवर खासगी शाळेत असेल तर ती जागा सोडण्याआधी दहादा विचार करा. या जागा शाळेच्या प्रवेशस्तरालाच, म्हणजे पहिलीला किंवा त्याआधीच्या वर्गाला, भरल्या जातात, त्यामुळे चौथीत सोडलेली जागा पाचवीत परत मिळत नाही. त्या जागेवर आठवीपर्यंत फी नाही, आणि शाळा “ऑनलाइन सुविधा शुल्क” अशा नावाने काही मागत असेल तर पावती मागा. साथीत आई किंवा वडील गमावलेल्या कोविडग्रस्त कुटुंबांच्या मुलांना महाराष्ट्राने या प्रवेशासाठी वंचित घटकात धरलं होतं. तसं घरात घडलं असेल तर ऑनलाइन अर्जाच्या वेळी तो पर्याय पाहायचाच.

बदलायचं ठरलं, तर कागद या क्रमाने

नवी जागा आधी, दाखला नंतर. उलट केलं की मूल दोन्हीकडून लटकतं. नव्या शाळेत जाऊन “या इयत्तेत, या तुकडीत जागा आहे” असं लेखी घ्या. महापालिकेच्या शाळेत हे सोपं जातं. ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर शिक्षकांची पदं ठरतात, त्यामुळे मुख्याध्यापकांना तुमचं मूल हवंच असतं.

मग जुन्या शाळेला दाखल्यासाठी अर्ज, दोन प्रतींत. एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. फी थकली आहे म्हणून दाखला अडवण्याचा प्रकार सर्रास होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकाने लगेच द्यायचा असतो, आणि दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. या कलमाचा उल्लेख अर्जातच करा. आठवडाभरात उत्तर नसेल तर शिक्का असलेली प्रत जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार. थकलेली फी मात्र माफ होत नाही. शाळा ती वेगळ्या मार्गाने मागू शकते, म्हणून हप्ते ठरवून लिहून घेतलेले बरे.

दाखला हातात आला की तिथेच, काउंटरवरच वाचा. मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ तालुका-जिल्ह्यासह, जात आणि पोटजात, जनरल रजिस्टर क्रमांक. सीबीएसईच्या काही शाळांच्या दाखल्यावर जातीचा रकाना अपुरा असतो, आणि तो पुढे जात पडताळणीला नडतो. शाळा सोडल्यानंतर दुरुस्ती करून घेणं फार जिकिरीचं होतं. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट किंवा रायपूरकडून आलात तर परराज्यातल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा. इथे आल्यावर त्यासाठी परत गाडी पकडावी लागते.

सोबत जन्मदाखला, आधार, मागचं प्रगतिपुस्तक, लागू असेल तर जातीचा दाखला आणि फोटो. आधार किंवा जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश अडत नाही, पण नंतर नोंदीत त्रास होतो. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला वयाची सहा वर्षं पूर्ण हवीत.

शेवटचं काम पालक विसरतात: सरल या राज्याच्या विद्यार्थी-नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीवर नाव हलवणं. नवी शाळा विनंती पाठवते, जुनी ती मंजूर करते. जुन्या शाळेने विनंती तशीच ठेवली तर मूल वर्गात बसतं पण कागदोपत्री दुसरीकडेच राहतं, आणि नव्या शाळेच्या पटावर धरलं जात नाही. पंधरा दिवसांनी मुख्याध्यापकांना विचारून खात्री करा. पुस्तकांची मागणी आधीच्या पटावरून गेलेली असल्याने उशिरा आलेल्या मुलाला पूर्ण संच मिळायला वेळ लागू शकतो. तोवर पीडीएफ किंवा वरच्या वर्गातल्या मुलाची जुनी पुस्तकं चालवा.

गेल्यानंतर

महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे पाऊणशे टक्के सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. सभेला जा. खासगी शाळेत काउंटरपलीकडून बोलायची सवय लागलेल्या पालकांना इथे चक्क ठरावावर सही करता येते. मूल आठवीत पोहोचलं की एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज भरा: सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच ती आहे, कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

विदर्भात उन्हामुळे सत्र उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा सुरू होतं. २०२१ मध्ये बाकी राज्यात १५ जून, इथे २८ जून होती. हे जादा दिवस कागदांसाठी वापरा. मे महिन्यात शाळेचं कार्यालय गाठायचं तर सकाळी लवकर, आणि आधी फोन करून लिपिक आहेत का ते विचारूनच.